जवाबाची शेवटची ओळ

कानाला लागून एक आवाज होता. मी आईच्या मांडीत बसलेले, तिची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकलेली. ती गात नव्हती. भात शिजताना झाकणाखाली जो आवाज राहतो तसं काहीतरी आतल्या आत चाललेलं. समोर मांडवात बाबा उभे होते, फेट्याला तुरा, एक हात कानावर, आणि त्यांचा आवाज असा की ढोलकीवाल्याने मान खाली घालावी. मग तो आवाज थांबला. आईचा थांबला नाही. एक ओळभर तो एकटाच चालला, माझ्या डोक्याच्या हाडातून, आणि मग विझला.

त्या ओळीचे शब्द मला आठवत नाहीत. मी सहा वर्षांची होते.

"पटत नाही," विनीत म्हणाला आणि सहाव्या भागावर नववी लाल चिठ्ठी डकवली.

टेंभी नाक्याजवळ एका चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत, तिथे आम्ही वेब सिरीज लिहितो. भिंतभर फळा. प्रत्येक प्रसंगाची एक पांढरी चिठ्ठी, आणि जो प्रसंग पटत नाही त्याच्यावर लाल. विनीत मुख्य लेखक. लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्याच खिशात असतो, दुसऱ्या कोणाला तो देत नाही.

गोष्ट मी आणलेली. कोकणातून इथे आलेल्या मंडळांच्या शक्ती-तुऱ्याची. दोन शाहीर समोरासमोर बसतात, एक शक्तीच्या बाजूचा, एक तुऱ्याचा म्हणजे शिवाच्या बाजूचा. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाबाच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव आलं पाहिजे. नाव आलं की जवाब पुरा. नाही आलं तर अपुरा, आणि अपुरा म्हणजे हरला.

आमचा नायक तुऱ्याचा शाहीर. अकरा वर्षांत एकदाही न हरलेला. सहाव्या भागात तो जवाब गायला उठतो, सगळा जवाब खणखणीत गातो आणि शेवटच्या ओळीच्या तोंडाशी गप्प होतो. फेटा काढून चालू पडतो. त्यानंतर आयुष्यात गात नाही.

"का?" विनीत विचारत होता. तीन आठवडे तो हेच विचारत होता.

मी पहिल्यांदा लिहिलेलं, घसा बसला. तो म्हणाला, शेवटच्याच ओळीला बसायला घशाला काय घड्याळ बांधलंय? मग मी लिहिलं, ओळ विसरला. तो म्हणाला, अर्ध्या तासापूर्वी स्वतः रचलेली? तिसऱ्या वेळी मी लिहिलं की त्याला समोरच्या शाहिराची दया आली. त्यावर तो इतका वेळ हसला की मेघनाही हसली. मेघना निर्मात्यांकडून येते, ती सहसा हसत नाही.

मग मी ते बोलून बसले जे लेखकाने कधी बोलायचं नसतं. "अरे, पण हे खरंच घडलंय."

"मग पेपरात दे," विनीत म्हणाला. "खरं घडलेलं लोक मुकाट गिळतात, त्यांना इलाज नसतो. तू रचलेलं ते का गिळतील? मला कारण दे. आणि तू एवढी का चिडतेस यार, तो काय तुझा कोण लागतो?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

तो बरोबर होता, त्याचाच मला जास्त राग आला. माझ्या पानांतून तो माणूस खरंच विनाकारण गप्प होत होता, कारण मला स्वतःलाच कारण माहीत नव्हतं.

विनीतने खुर्ची मागे रेटली आणि म्हणाला की त्याच्याकडे कारण आहे. शाहीर प्यायलेला होता. संपलं. मेघनाने वहीत लिहून घेतलं. ती म्हणाली, दारू लगेच पटते, कोणी पुढे विचारत नाही. ठरलं असं की शुक्रवारपर्यंत मी दुसरं कारण आणलं तर सहावा भाग माझा. नाही आणलं तर तो विनीत लिहिणार, दारूसकट.

मी जिना उतरले तेव्हा खाली एक बाई नवीन चष्मा लावून रस्त्यावरच्या पाट्या वाचून बघत होती. मला वाटलं, ठाकुर्लीपासून मोहन्यापर्यंत कोकणातून आलेल्या प्रत्येक घरात ती सिरीज बघतील, आणि प्रत्येक घरात कोणीतरी म्हणेल, अरे, हा तर शिवराम शाहीर.

शिवराम माझे बाबा. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही.

आमच्या घरात दोन खोल्या आणि दोन गप्प माणसं आहेत. आई-बाबा एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात. आई म्हणते, तुझ्या बाबांना सांग, गोळ्या संपल्यात. बाबा हातभर अंतरावर बसलेले असतात. ते म्हणतात, तुझ्या आईला सांग, कळलं. सगळ्या घरांत असंच असतं असं मी कॉलेजात जाईपर्यंत समजत होते. बाबांनी आईला नावाने हाक मारल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. त्या पिढीत कोणी मारतही नसे, पण "अगं" सुद्धा या घरात फार वर्षांपूर्वी संपलं.

बाबा डोंबिवलीत छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची अक्षरं, उलटी, एकेक करून. अजूनही समोरच्याने धरलेला पेपर ते पलीकडून उलटा वाचतात.

त्या दिवशी जेवताना मी सांगून टाकलं. सहाव्या भागात तो शाहीर प्यायलेला दाखवणार आहेत.

मला वाटलं ते ताट सरकवतील. त्यांनी घास चावला, ते पाणी प्यायले आणि म्हणाले, "दाखवू देत."

"बाबा, तुम्ही कधी थेंबसुद्धा..."

"दाखवू देत म्हटलं ना. लोकांना ठाऊकच आहे."

आईने आमटीची पळी पातेल्यात अशी टाकली की माझ्या हातावर शिंतोडे उडाले. "विचार त्यांना," ती म्हणाली. "लोकांना ठाऊक केलं कोणी ते विचार."

बाबा म्हणाले, तुझ्या आईला सांग, जेवणावर विषय नको. आणि हात धुवायला उठले.

पुढचं मला आईने भांडी घासताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी छापखान्यात कोणीतरी विचारलेलं, काय शाहीर, काल जरा जास्त झालेली काय? आणि बाबांनी मान हलवली. होय म्हणून. तेवढंच. "एक मान हलवली त्यांनी," आई म्हणाली, "आणि मी बेवड्याची बायको झाले. सत्तावीस वर्षं झाली. हळदीकुंकवाला गेले की बायका माझ्या दंडाकडे बघायच्या, वळ आहेत का म्हणून."

मी विचारलं, मग खरं काय होतं? का थांबले ते?

"मला कशाला विचारतेस? ते माझ्या तोंडात नाही अडकलेलं."

मी ताटं पुसत राहिले आणि माझ्या डोक्यात दहावी लाल चिठ्ठी चिकटली, विनीतच्या अक्षरातली. न पिणारा माणूस दारूचा डाग मागून का घेईल? मीच लिहिलेलं पात्र असतं तर मी म्हणाले असते, त्याला दारूपेक्षा काहीतरी मोठं झाकायचं आहे.

गुरुवारी मी मोहन्याला गेले. दौलत शाहीर तिथे राहतात. सामन्याच्या दिवशीचा तो सवाल त्यांचा होता. आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की बाबा रेडिओ मोठा करायचे.

म्हातारा ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होता. मी नाव सांगितलं तसा अडकित्ता थांबला.

"शिवरामाची काय गो तू? चप्पल तिथंच काढ. आणि काय ते पटकन बोल, मला तुमच्या घरातलं माणूस जास्त वेळ बघवत नाही."

मी विचारलं, बाबा त्या दिवशी प्यायले होते का?

ते हसले, पण चांगलं हसू नव्हतं. "शिवराम? त्याला सोडावॉटरने चढायची. दोन हातांवर बसलेलो मी, मला वास नसता आला?" त्यांनी आत बोट दाखवलं. फळीवर एक ढाल होती, काळी पडलेली. "ती बघ. त्या दिवशीची. सत्तावीस वर्षं झाली, फडका लावलेला नाही मी तिला. समोरचा आपणहून गप बसला म्हणून मिळालेली ढाल, ती काय पुसायची? तुझ्या बापाने मला हरवायचं तर हरवायचं. हे काय केलंन त्याने? लग्नाआधी तीनदा लोळवलेला मी त्याला. लग्नानंतर काय खाल्लंन देव जाणे, अकरा वर्षं हाताला लागला नाही. आणि त्या दिवशी हातात आला तर असा, मेलेल्या माशासारखा."

मी म्हटलं, तुमचा सवाल अवघड असेल.

"अवघड म्हणजे? त्या दिवशी सकाळी दाढी करताना सुचलेला. कुठल्या शाहिराच्या वहीत नव्हता, जगात कुठंच नव्हता." त्यांनी गळा साफ केला आणि ओट्यावर बोटांनी ठेका धरला. आवाज फाटलेला, पण सूर जागेवर:

*नाव नव्हतं, गाव नव्हतं, शिव बसला एकला,*
*शिव म्हणून पहिला शब्द कुणाच्या मुखी फुटला?*

सवाल टाकल्यावर अर्धा तास चहाची सुट्टी, ते सांगत होते. बायका मांडवामागे चहा करत होत्या. शिवराम तिकडे गेला, बिस्किटाच्या पुड्याचा कागद हातात घेऊन आला आणि उभा राहिला. "काय गायला सांगू तुला. मी बसल्या जागी हरलो. ऐक."

आणि त्या माणसाने, ज्याला आमच्या घरातलं माणूस बघवत नाही, माझ्या बाबांचा जवाब मला गाऊन दाखवला. एकदाच ऐकलेला. एक अक्षर चुकलं असं वाटलं नाही.

*शब्द फुटला म्हणतोस गड्या, पडला कुठं सांग मला,*
*कान नव्हता जगी कुणाचा, शब्द कसा रे टिकला?*
*आधी होता ऐकणारा, मग बोलणारी बोलली,*
*ओंजळ होती धरली म्हणून धार पाण्याची थांबली.*
*ऐकलं म्हणून शिव झाला, नाहीतर पुसतं कोण त्याला...*

"इथं," दौलत शाहीर म्हणाले. "इथं थांबला. मागचे साथीदार ओळ उचलायला तोंड उघडून बसलेले. नावाची ओळ तेवढी राहिली." त्यांनी सुपारीचं खांड उचललं, परत ठेवलं. "बापाला सांग, तेवढी ओळ देऊन टाक म्हणावं. मला नीट हरायचं आहे."

मी ऐकत नव्हते. म्हणजे त्यांना ऐकत नव्हते. ते गात असताना माझ्या डोक्यावर एक हनुवटी येऊन टेकलेली, आणि हाडातून तो दुसरा आवाज सुरू झालेला. सत्तावीस वर्षं मी समजत होते की आई बाबांच्या मागून गुणगुणत होती. नवऱ्याचं गाणं, बायकोला पाठ असणारच.

पण ती मागून नव्हती. "ओंजळ" माझ्या डोक्यात आधी वाजलं आणि कानात नंतर. आई बाबांच्या अर्धा श्वास पुढे होती.

जो शब्द चहाच्या सुट्टीआधी जगात नव्हता, तो आईला बाबांच्या आधी कसा माहीत?

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा आई परातीत भिजवलेले वाल सोलत बसलेली आणि बाबा खिडकीशी पेपर घेऊन. मी पर्स खांद्यावरून काढली नाही. बसलेही नाही. विनीत फळ्यासमोर उभा राहतो तशी उभी राहिले.

"तो जवाब आईने रचलेला," मी म्हणाले. "तोच नाही. अकरा वर्षांचे सगळे."

वालाची सालं पडायची थांबली. पेपर हलला नाही.

"दौलतकाकांकडे गेलेले मी. त्यांनी गाऊन दाखवला. सामन्याच्या दिवशी शेवटच्या ओळीत आईने स्वतःचं नाव घातलेलं. म्हणून तुम्ही थांबलात."

"कळलं ना सगळं," पेपरामागून बाबा म्हणाले. "मग जा, लिही."

मी जायला हवं होतं. कारण मिळालेलं, शुक्रवार उद्यावर होता. पण तीन आठवडे त्या खोलीत बसून मला विनीतची सवय लागलेली.

"नाही पटत," मी म्हणाले. "तिचं नाव होतं तर काय झालं? बदलायचं. मीराच्या जागी शिवराम. अकरा वर्षं तिचं सगळंच तुमच्या नावावर गायलात, त्यात एक शब्द जास्त. बारीक खिळे उलटे जुळवणारा माणूस तुम्ही, तुम्हाला एक नाव बदलता येत नव्हतं?"

"अमृता," आई म्हणाली.

"तूही गप्प बस. तू तरी ते नाव कशाला घातलंस? त्याच दिवशी?"

आईने परातीतला एक वाल उचलला, चिमटीत धरला. "घाई होती," ती म्हणाली. "चहा उकळेपर्यंत लिहून द्यायचं होतं. दर वेळी कागदावर त्यांचं नाव घालायची, ते आठवून घालावं लागायचं. त्या दिवशी आठवायला वेळ नव्हता. जे आलं ते आलं."

बाबांनी पेपराची घडी घातली. चार घड्या, कोपरा कोपऱ्याला लावून. मग ते वळले, आणि मी एक पाऊल मागे सरले, कारण ते माझ्याकडे वळले नव्हते.

"बदलणारच होतो," ते आईला म्हणाले. मधे मी नव्हते. "कागद वाचला तेव्हाच ठरवलेलं. शिवराम तोंडात तयार होता. तेवढ्यात वर बघितलं. तू समोर, पोरीला मांडीत घेऊन. तुझे ओठ माझ्या पुढे पुढे चाललेले. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता, ते मला एकट्यालाच दिसत होतं. मी जे म्हणणार, ते तू म्हणून मोकळी होत होतीस. नावही तू घेतलंस. बघितलं मी. मग तिथे माझं घालायला जीभ वळेना. आणि तुझं घ्यायचं तर..."

"तर काय?" आईने विचारलं.

बाबांनी पेपराची घडी अंगठ्याने पुन्हा दाबली.

"लाज वाटली ना? ते बोला."

"मंडळाची माणसं होती. अकरा वर्षं मला खांद्यावर..."

"ते बोला."

"वाटली," बाबा म्हणाले. "लाज वाटली."

आई उठली नाही, आवाजही चढवला नाही तिने. परात बाजूला केली आणि पदराला हात पुसले, एकेक बोट. "बेवडा म्हणवून घ्यायची नाही वाटली," ती म्हणाली. "माझं नाव घ्यायची वाटली."

खाली कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती. बाबा त्या आवाजाकडे बघावं तसे खिडकीकडे बघत राहिले. त्यांचा गुडघा हलत होता, आधी मला वाटलं म्हातारपणाने. मग लक्षात आलं, तो ठेका होता.

"राहू दे," आई परात परत ओढत म्हणाली. "आता ती ओळही आठवत नसेल तुम्हाला."

बाबा उठून उभे राहिले. एक हात कानाकडे गेला, अर्ध्यातून खाली आला. त्यांनी चाल लावायचा प्रयत्नच केला नाही. नुसते शब्द म्हणाले, एकेक, शिशाचे खिळे ठेवावेत तसे सावकाश, आणि आईच्या तोंडाकडे बघत. तिचे ओठ या वेळी मिटलेले होते.

"मीरा म्हणे, न ऐके तो दगड देवळातला."